गुडघ्याखाली

८ जानेवारी

ताई,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. ज्या तीर्थाने दारातूनच परत पाठवलं त्याला कसले मायने लिहायचे, तूच सांग.

तू उंबऱ्यात उभी राहून जे बोललीस ते सगळं बसमध्ये येताना पुन्हा पुन्हा आठवत होते. 'माझ्या पोराच्या डोक्यावर बंदूक घेऊन उभी राहणार तू? सख्खी मावशी?' तुझी शेजारीण कपडे वाळत घालायच्या निमित्ताने सगळं ऐकत होती. तिची दुपार चांगली गेली असेल. मला मात्र तू तोंड उघडू दिलं नाहीस, म्हणून लिहिते. इथे तरी तुला मधेच तोडता येणार नाही.

तर ऐक. हे गेल्यावर तुरुंगाच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, नवऱ्याच्या जागी तुम्हाला घेतो, पण जागा टॉवरवरच्या पहारेकऱ्याची आहे. मी विचारलं, बायकांच्या बरॅकीत काही नाही का, स्वयंपाकघरात काही, अगदी झाडू मारायचं काही? नाही म्हणाले. टॉवर घ्या, नाहीतर क्वार्टर रिकामं करा. आणि टॉवरवर चढण्याआधी रायफलची परीक्षा, एप्रिलमध्ये. नापास झाले तर नोकरी नाही आणि डोक्यावर छप्परही नाही. मी जन्मात कधी गलोल हातात धरली नाही. चिंचा पाडताना माझा दगड कुठे जायचा ते तुझ्याएवढं कुणाला माहीत?

आणि तुझा ढब्बू त्याच भिंतींच्या आत कैदी आहे, हे तू मला ओरडून सांगायची गरज नव्हती. गॅरेजमधल्या भांडणात त्याने पाना उचलला तेव्हा तू नव्हतीस, मीही नव्हते. मालकाचा भाऊ मेला, ढब्बूला आठ वर्षांची शिक्षा झाली. तू म्हणालीस, मला मुलगा नाही, आणि दीड वर्षात एकदाही भेटायला आली नाहीस. प्रत्येक भेटीच्या दिवशी जाळीपाशी जाऊन बसत होते ती मी. आता नोकरी लागली की तेही बंद, कारण पहारेकऱ्याने कैद्याशी बोलायचं नाही. साहेबांना आमचं नातं ठाऊक आहे. ते म्हणाले, नात्याने हात अडखळला तर पहिल्या तुम्हीच घरी जाल.

म्हणून सांगते, आता तू जा. महिन्यातून एकदा भेट असते. शिव्या घालायच्या तर तिथे जाऊन त्याला घाल, पण जा.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. नको देऊस. तुझा रुसवा मला नवा नाही, एका रिबिनीवरून सबंध सुट्टीभर माझ्याशी बोलली नव्हतीस.

माझा उजवा खांदा काळानिळा झालाय. रायफल झाडली की तिचा दस्ता मागे येऊन खांद्यात बसतो. लागू नये म्हणून पहिल्या दिवशी मी तो जरा लांबच धरला, आणि नेमकं त्यामुळेच जास्त लागलं. शिकवणारा उस्ताद म्हातारा आहे, फौजेतून निवृत्त झालेला. तोंड असं फटकळ की तुझ्या सासूबाई परवडल्या. म्हणाला, बाई, तिला परकी समजून लांब धराल तर ती लाथ घालणारच. कडेवरच्या पोरासारखी घट्ट धरा. आता मला कुठे पोर? कडेवर घेतलं ते फक्त तुझ्या ढब्बूला, आणि तेही तो चांगला ढब्बू असताना, कंबर मोडायची माझी. तसा धरून बघितला दस्ता. खरंच कमी लागलं.

या रायफलींना दुर्बीण-बिर्बीण काही नसते. मागे एका पट्टीवर खाच असते, आणि पुढे नळीच्या तोंडाशी बारीकसा उभा खिळा. त्याला माशी म्हणतात. माशी खाचेच्या बरोबर मधे आणायची, दोघांची डोकी एका रेषेत, आणि त्यावर समोरचं निशाण ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण डोळ्याला एका वेळी एकच गोष्ट नीट दिसते. मी बघायची निशाणाकडे, कारण मारायचं त्याला ना. उस्ताद म्हणतो, सगळे तिथेच चुकतात. स्पष्ट दिसायला हवी ती माशी. निशाण धूसर होऊ द्यायचं.

आणि माझं घोडं तिथेच अडलं. मला चाळिशी लागलीय. निशाण लख्ख दिसायचं आणि माशी धुरकट. तीन आठवडे गोळ्या कुठल्या कुठे जात होत्या आणि उस्ताद माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. शेवटी त्याच्याच लक्षात आलं. चष्मेवाल्याकडे पाठवलं. चष्मेवाला विचारतो, वाचायला हवाय की लांबचं बघायला? मी हात लांब केला आणि म्हटलं, या बोटाच्या टोकावरचं दिसायला हवं, त्याच्या अलीकडचं नको आणि पलीकडचंही नको. तो बिचारा बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत बसला. पण चष्मा बरोबर दिला.

दुसरी खोड डोळे मिटायची. आवाज व्हायच्या आधीच मी डोळे मिटून घ्यायची आणि अंग आखडायची. मी मान्यच करत नव्हते. मग उस्तादाने मला न सांगता काडतुसांमध्ये एक रिकामं भरलं. मी चाप दाबला, आवाज झालाच नाही, आणि नळी मात्र धाडकन खाली गेली. मैदानावरचे शिपाई पोट धरून हसले. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. आता रोज घरी झाडूचा दांडा खांद्याला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरते. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि चाप ओढायचा नाही, नुसता दाबत न्यायचा. गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळता कामा नये, असं उस्ताद म्हणतो.

खिडकीतून कुणी बघितलं तर म्हणतील, नवरा गेल्यापासून बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू देत.

तू भेटीला गेली नाहीस. भेटीच्या खोलीवरच्या जमादाराला विचारलं मी.

तुझी धाकटी


१२ एप्रिल

ताई,

पास झाले. नुसती पास नाही, पहिल्या तिघांत आले. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, तेव्हा उस्ताद आभाळाकडे बघत मिशीवरून हात फिरवत होता. आज हे असते तर त्यांनी कॉलनीभर सांगितलं असतं. त्यांचा स्वतःचा नेम यथातथाच होता.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. परीक्षा झाली त्याच दुपारी उस्ताद मला टॉवरवर घेऊन गेला. खाली अंगण, धोबीघर, भाजीचा मळा आणि मागची उंच भिंत. म्हणाला, आता शिकलात त्यातलं अर्धं विसरा.

रायफलच्या मागच्या पट्टीवर एक सरकती कडी असते. लांबचं मारायचं की जवळचं, त्याप्रमाणे ती पुढे-मागे करायची. आमच्या सगळ्या रायफलींची ती कडी हत्यारखान्याने कथलाचा डाग देऊन पक्की करून टाकलीय, भांड्याला देतात तसा. का, तर वार्षिक परीक्षा लांबच्या मैदानावर होते. शिपाई कड्या हलवून ठेवायचे, परीक्षेत नापास व्हायचे आणि साहेबांना वरून बोलणी बसायची. डाग दिल्यापासून निकाल शंभर टक्के. आता तुरुंगाचं अंगण काही त्या मैदानाएवढं लांब नाही, निम्म्यानेही नाही. म्हणजे इथे नेम धरला की गोळी वीत-दीड वीत वर जाऊन बसते.

इथला नियम असा आहे: कैदी पळाला तर आधी शिट्टी, मग हवेत एक गोळी, आणि तरी थांबला नाही तर गुडघ्याखाली. आता तूच हिशेब कर. गुडघ्यावर धरलं तर मांडीत, मांडीवर धरलं तर कंबरेत. उस्ताद म्हणाला, "त्याच्या पायाकडे बघायचंच नाही. टाचेखालची माती बघायची आणि माशी तिथे टेकवायची. मग पोटरीत बसते."

मी विचारलं, हे साहेबांना माहीत आहे का? त्याने कधीच सांगितलं होतं म्हणे, आणि शिपायांजवळ हे बोलायचं नाही अशी वर तंबी मिळाली. माझा स्वभाव तुला माहीत आहे, दुसऱ्या दिवशी मीही गेले साहेबांकडे. ते हसले. परीक्षा मैदानावर असते बाई, अंगणात नाही, असं म्हणाले. वर चहा पाजला.

ढब्बू पळेल असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण पोरगं तुझं आहे, डोक्यात एकदा काही घेतलं की घेतलं. चार टॉवरांवर चार रायफली आणि गोळी कुठे लागते ते त्या चौघांत मला एकटीलाच ठाऊक. म्हणून मी सुट्टीच्या दिवशीही मैदानावर जाते. उस्तादाला वाटतं मला बक्षिसाची हाव सुटलीय. वाटू दे.

तुझी धाकटी


२० मे

ताई,

वरून ढब्बू दिसतो. धोबीघरात लावलाय त्याला. नाव ढब्बू आणि अंगावर मूठभर मांस राहिलं नाही. ओल्या चादरी खांद्यावरून नेतो आणि दोरीपाशी पोचला की एकदा वर माझ्याकडे बघतो. मी हात करू शकत नाही. एकदा खोकले नुसती. तोही खोकला. आमचं बोलणं ते एवढंच.

भेटीच्या दिवशी तो केस विंचरून बसतो, असं जमादार सांगत होता. तुझ्या नावाचा पुकारा होत नाही. मग परत येऊन चादरी धुतो. मला ते बघवत नाही आणि खाली मान घालायचीही सोय नाही, पहाऱ्यावर असते मी.

समोरच्या टॉवरवर एक वयस्क शिपाई आहे. सगळे त्याला मौनीबाबा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एक कैदी भाजीच्या मळ्यातून पळाला होता, याने गोळी झाडली आणि ती त्याच्या मांडीत बसली. रक्त थांबेना, तो माणूस संध्याकाळपर्यंत तडफडून गेला. चौकशी झाली, याला निर्दोष ठरवलं. पण कैदी याला बघून थुंकतात, आणि शिपाई पाठीमागे म्हणतात की याने मुद्दाम मारला. तेव्हापासून याच्या तोंडाला कुलूप आहे. चहासुद्धा मागत नाही, पेला पुढे करतो.

मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परवा पहारेकऱ्यांच्या खोलीत तो एकटा होता, तेव्हा मी जाऊन विचारलं, तुम्ही नेम कुठे धरला होता? तो उठून जायला लागला. मी दार अडवून उभी राहिले. शेवटी बोटाने स्वतःचा गुडघा दाखवला. मग मी त्याला डागाचं, पट्टीचं, वीत-दीड वीत वर जाण्याचं सगळं सांगितलं.

तो पेला विसळत होता. मग म्हणाला, "म्हणजे माझा हात हलला नव्हता?"

मी नाही म्हटलं.

त्याने पेला पालथा घातला आणि गेला. मी म्हटलं होतं की इथून पुढे टाचेखाली धरा. ते त्याने ऐकलं की नाही देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून टॉवरवर चढला की मान हलवून मला नमस्कार करतो, एवढं मात्र झालंय.

तुझी धाकटी


३ जुलै

ताई,

तुझी शेजारीण परवा बस-स्टँडवर भेटली. तिच्या कामासाठी आली होती. म्हणाली, तुमच्या ताईच्या पोटात गाठ निघालीय, महिनाअखेरीला ऑपरेशन आहे, डॉक्टर काही खात्री देत नाहीत. भर स्टँडवर मी खालीच बसले. तिने पाणी आणून दिलं. बाई मी समजत होते तेवढी वाईट नाही.

पाठच्या बहिणीला हे शेजारणीकडून कळावं? मी तुझी इतकी वैरीण झाले का गं? मला राग आलाय, रडूही आलंय, आणि दोन्ही तुझ्यावरच.

मी रजा मागितली. साहेब म्हणाले, मागच्या भिंतीची डागडुजी चाललीय, गवंडी आत-बाहेर करतात, तेव्हा या महिन्यात कुणालाच रजा नाही. सबंध भिंतीला परांची बांधलीय.

एक काम कर. हॉस्पिटलचा कागद मला पाठव, डॉक्टरच्या सहीचा. ऑपरेशन कधी, कुठे, एवढं त्यावर हवं. का ते विचारू नकोस. रजेसाठी लागेल असं समज. ढब्बूला मी काही सांगितलेलं नाही. नियम तो नियम, मला नोकरी टिकवायची आहे.

माझ्यावरचा राग तसाच ठेव, हवा तर वाढव. पण कागद पाठव.

तुझी धाकटी


२४ जुलै

ताई,

ढब्बू जिवंत आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

तुझ्या कानावर काय काय आलं असेल कोण जाणे, म्हणून माझ्या तोंडाने सांगते. त्याला गोळी लागली. ती मी मारली.

दुपारी गवंडी जेवायला बसले होते. परांची भिंतीला तशीच उभी होती. ढब्बूने खांद्यावरची चादर खाली टाकली आणि तो धावत सुटला. लपतछपत नाही, सरळ अंगणातून. आधी मला तो कोण ते कळलंच नाही. मग धावण्यावरून कळलं, उजवा खांदा पुढे टाकून धावतो ना तो.

समोरून शिट्टी झाली. खाली जमादार 'मारा, मारा' म्हणून ओरडत होता. मी बघितलं तर मौनीबाबाने रायफल खांद्याला लावलेली. त्या माणसाला मी सगळं सांगितलं होतं, पण त्याने ते मनावर घेतलं की नाही हे मला ठाऊक नव्हतं. आणि घाईत माणूस हाताला सवय असेल तेच करतो. हा गुडघ्यावर धरणार, गोळी मांडीत जाणार, आणि ढब्बू माझ्या डोळ्यांसमोर संध्याकाळपर्यंत तडफडणार. मी शिट्टी वाजवत बसले असते, हवेत गोळी झाडत बसले असते, तर तेवढ्या वेळात मौनीबाबाची गोळी सुटली असती.

म्हणून मी शिट्टी वाजवली नाही. हवेतही झाडली नाही. ढब्बू परांचीच्या पहिल्या फळीवर चढला, वरच्या फळीला हात घातला आणि जरासा थांबला. मी त्याच्या टाचेखाली माशी टेकवली. माशी अगदी स्वच्छ दिसत होती, ढब्बू धूसर. माझा हात हलला नाही, डोळे मिटले नाहीत. गोळी कधी सुटली ते मला कळलं नाही.

पोटरीत बसली. 'आई' म्हणून ओरडला आणि खाली आला.

सरकारी दवाखान्यात आहे. हाडाचा चुरा झालाय. डॉक्टर म्हणतात पाय ठेवता येणार नाही, गुडघ्याखाली कापावा लागेल. पण तो जिवंत आहे, ताई. दुसऱ्याच्या हातून मेला असता, तो माझ्या हातून वाचला. तू मला आपलेच दात आपलेच ओठ म्हणशील. म्हण. मी पुन्हा तेच करीन.

आता दुसरं. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझ्या गाठीचं मी त्याला सांगितलं होतं, शेजारीण भेटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, धोबीघराच्या नळापाशी, चालता चालता. त्याने विचारलं, मला भेटायला सोडतील का? मी म्हटलं, अर्ज कर. त्याने केला. साहेबांनी डॉक्टरचा कागद मागितला. म्हणून मी तुझ्याकडे मागत होते. तो रोज वर माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवून नाही म्हणायची. महिना संपत आला. मग त्याने परांची बघितली.

तुला दोष देत नाही. देतेही. मला काही सुधरत नाहीये.

तुझी धाकटी


३० ऑगस्ट

ताई,

पाय काढला. जखम भरतेय. चौकशी संपेपर्यंत मला हद्द सोडायची परवानगी नाही, नाहीतर केव्हाच तुझ्याकडे निघून आले असते. तुझ्या शेजारणीला दोन पत्रं टाकली, तिचंही उत्तर नाही.

चौकशी म्हणजे नुसतं नाटक. साहेबांनी आधीच जबाब तयार ठेवला होता: पहारेकरी बाईंनी शिट्टी दिली, हवेत गोळी झाडली, कैदी थांबला नाही, मग गुडघ्याखाली अचूक नेम. जमादाराने दोन्ही आवाज ऐकल्याचं सांगितलं. गवंड्यांनीही ऐकले म्हणे. ढब्बू एकटा म्हणाला की हवेत गोळी झालीच नाही, आणि पळालेल्या कैद्याचं कोण ऐकतो? मी सही केली. साहेब पाहुण्यांना मला दाखवतात, म्हणतात, हिने सख्ख्या भाच्यालाही सोडलं नाही. नव्या शिपायांना शिकवायला मला नेमलंय. मी म्हटलं, आधी पट्ट्यांचे डाग काढा. साहेब म्हणाले, निकाल खाली येईल.

हे सगळं मी गिळलं असतं. मी रोज स्वतःला एकच सांगत होते की मी त्याला वाचवलं. त्या एका वाक्यावर जेवत होते, झोपत होते.

आज मौनीबाबा घरी आला. दारात चपला काढून उभा राहिला, आत या म्हटलं तरी येईना. म्हणाला, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलंय. मी म्हटलं, सांगा.

"माझी रायफल रिकामी असते," तो म्हणाला. "तो मळ्यातला माणूस गेल्यापासून मी कधी भरलीच नाही. काडतुसं घेतो, खिशात ठेवतो, संध्याकाळी परत करतो."

मला आधी अर्थच लागेना. मी विचारलं, मग खांद्याला कशाला लावली होती? तो म्हणाला, जमादार बघत होता, नोकरी आहे. माझ्या सांगण्याने त्याला फार बरं वाटलं होतं म्हणे, हात हलला नव्हता हे ऐकून. तरी भरायचा धीर झाला नाही. बाकीच्या दोन टॉवरांवरून ती भिंत दिसतच नाही.

मी विचारलं, म्हणजे मी नसते मारली तर?

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "गेला असता पलीकडे."

पलीकडे रस्ता आहे, ताई. समोर बस-स्टँड. पकडला असताच तो पुढे कधीतरी, सगळे तसंच म्हणतात. पण तोवर तुझ्यापाशी पोचला असता, आणि दोन पायांवर पोचला असता. त्याच्यावर कुणाचीच बंदूक नव्हती. फक्त माझी होती.

हे मी कुणाला सांगू? साहेबांना सांगितलं तर त्या म्हाताऱ्याची भाकरी जाते. ढब्बूला सांगायची मला हिंमत नाही. म्हणून तुला सांगते. तू मला उंबऱ्यात जे म्हणालीस ते खरं झालं, आणि मी ते इतकं मन लावून शिकले होते.

ढब्बू माझ्याशी बोलत नाही. मी गेले की भिंतीकडे तोंड करतो. काल पहिल्यांदा बोलला, तेही न वळता. विचारलं, आईचं ऑपरेशन झालं का? मी म्हटलं, कळवते. मला खरंच माहीत नाही गं. आठ महिने मी तुला लिहितेय आणि तुझी एक ओळ नाही. आधी वाटायचं राग आहे. आता दुसरंही मनात येतं आणि मी ते मनातून हाकलते.

काय झालं ते एका ओळीत कळव. मला शिव्या असल्या तरी चालतील. दुसऱ्या कुणाच्या हातचं लिहिलेलं असलं तरी चालेल. त्याला काहीतरी सांगायला हवं.

तुझी धाकटी